जात्यातलं शिसं

“दगडाच्या पोटात शिसं घालू नये, पोरी. दगड ते सांभाळत नाही,” माझी सासू फिद्दा म्हणाली.

कल्हईवाला अबू शाकेर आमच्या अंगणात उकिडवा बसला होता. त्याच्या भट्टीवर लोखंडी पळीत मोटारीच्या जुन्या बॅटरीतलं शिसं वितळत होतं. पुढ्यात आमच्या जात्याची खालची तळी उताणी पडली होती आणि तिच्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे होते.

“मग काय लोणी भरू, मुनीरच्या आई?” तो म्हणाला. “जातं तुमच्याएवढंच म्हातारं झालंय. फरक इतकाच, की ते बोलत नाही.”

“तुझी कल्हई ठाऊक आहे मला. दोन शुक्रवार भांडं चकाकतं. तिसऱ्या शुक्रवारी भांडं लाल, आणि तू दुसऱ्या गावात.”

तो हसला. मीही हसले. मग मी सासूला म्हणाले, “मावशी, इरबिदला पाण्याचे नळसुद्धा शिशानंच जोडलेत. शहर मेलं का?”

“शहराचं शहराला ठाऊक,” ती म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला उठून गेली. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची तिला सवय नव्हती. पळी तळीवर कलंडली, शिसं खड्ड्यांत पसरलं, निवलं, आणि अबू शाकेरनं ते कानशीनं घासून दगडाच्या पातळीला आणलं. काळ्या दगडावर करड्या चांदण्या उमटल्यासारखं ते दिसलं. मला ते आवडलं होतं, हेही लिहून ठेवते.

एवढी घाई मला होती, फिद्दामावशीला नव्हती. माझी नुहा दिवस भरायच्या आधीच जन्मली होती, कोंबडीच्या पिलाएवढी. दर शुक्रवारी मी तिला वाण्याच्या तागडीत घालून तोलत असे. वाणी म्हणायचा, “वहिनी, आज पोर देऊ की मसूर?” कॉलेजात आरोग्याच्या पुस्तकात वाचलेलं मला पाठ होतं, की गव्हाचा जीव त्याच्या कोंड्यात असतो. दुकानातला मैदा मी घरात येऊ देत नव्हते. गावच्या डिझेलच्या गिरणीत सगळ्यांचं दळण एकत्र होतं आणि पिठाला डिझेलचा वास येतो, म्हणून तेही नको. पीठ घरचं हवं, अख्ख्या गव्हाचं, डोळ्यांसमोर दळलेलं.

दळणार कोण? मी सकाळी शाळेवर शिकवायला जायची. मुनीर, माझा नवरा, ट्रक घेऊन अकबा बंदराच्या रस्त्यावर असायचा, पंधरा दिवसांतून एकदा घरी. गावात गिरणी आली त्या दिवशी फिद्दामावशीनं जातं खुराड्याशेजारी उपडं घातलं होतं. वयाच्या नवव्या वर्षापासून ती दळत आली होती. तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड होता. बांगडी डाव्या हातात सैल आणि उजव्यात जायचीच नाही. आता सुटले, म्हणून तिनं त्या दिवशी शेजारणींना बडीशेपेचा चहा पाजला होता. नुहा दूध सोडून रोटी खायला लागली तेव्हा मीच म्हटलं, “मावशी, आपलं जातं पुन्हा मांडू या का?” तिनं माझ्याकडे पाहिलं, नुहाकडे पाहिलं, आणि कोंबड्यांना हुसकावून जातं सुलटं केलं.

पण इतक्या वर्षांच्या दळणानं आणि उघड्यावर पडून तळी झिजली होती. पिठात कच येऊ लागली. नुहाच्या दाताखाली कर्र आवाज आला की माझ्या अंगावर काटा यायचा. पलीकडच्या डोंगरावरचा पाथरवट ऑलिव्हची वेचणी उरकल्यावर टाकी लावायला येणार होता. “दोन महिने गिरणीचं पीठ खाऊ. त्यानं कुणी मरत नाही,” मावशी म्हणाली. मला दोन महिने फार वाटले. तेवढ्यात गल्लीतून कल्हईवाल्याची हाळी आली.

शिसं भरल्यावर जातं लोण्यासारखं फिरायला लागलं. कच गेली. पीठ मऊ आणि किंचित करडं यायचं. मला वाटायचं, कोंड्याचा रंग. फिद्दामावशी पहाटे नमाज करून दळायला बसायची, डाव्या हातानं घास घालायची, उजव्यानं खुंटा फिरवायची. मातीच्या भट्टीतून रोट्या निघाल्या की पहिली नुहाला, तेल आणि झातरचा सुका मसाला लावून. माझी शाळेतली पोरं डब्यात गिरणीच्या रोट्या आणत, आणि मनात मला त्यांची कीव यायची.

थंडीत नुहाचं पोट दुखायला लागलं. ती गुडघे छातीशी घेऊन पडायची. मी पाणी उकळलं, दूध दोनदा उकळलं, ऑलिव्ह सात पाण्यांतून काढले. गावच्या दवाखान्यात जंतांचं औषध दिलं, मग रक्त वाढवायचं. ती पिवळटच राहिली. चाळीस-एक शब्द बोलायची ती, वहीच्या मागच्या पानावर मी टिपून ठेवले होते. ते एकेक गळायला लागले. आधी “चांदोबा” गेला. मग “कोंबडी”. कोंबडी समोर असली तरी ती नुसतं बोट दाखवायची.

मी मावशीवर संशय घेतला. “तुम्ही तिला चोरून दुकानातली मिठाई देता का?”

“देते ना. माझ्या कबरीच्या पैशांतून,” ती म्हणाली. मग थांबून, “माझ्याही तोंडाला गोडसर लागतंय गं हल्ली. पाणीसुद्धा गोड लागतं.”

“मिठाई खाल्ल्यावर लागणारच,” मी म्हणाले.

घरी राहून तिन्ही वेळा त्याच रोट्या खाणाऱ्या त्या दोघी होत्या. मी दुपारी शाळेत मुख्याध्यापिकाबाईंच्या डब्यात जेवायची. हे गणित मला तेव्हा दिसलं नाही.

फेब्रुवारीच्या एका सकाळी जात्याचा आवाज मध्येच थांबला. बाहेर येऊन पाहते तर फिद्दामावशी उजवा हात मांडीवर घेऊन बसली होती. तिनं तो वर उचलून दाखवला. कोपरापर्यंत हात आला, पण पंजा मनगटातून खाली लोंबत राहिला, ओल्या फडक्यासारखा.

“खुंटा धरते नि सुटतो,” ती म्हणाली. “सकाळपासून चारदा सुटला.”

“झोपेत दबला असेल. दोन दिवस गरम तेल लावू.”

“तेल लावतेच आहे, दोन आठवडे झाले, पोरी.”

मग दळण थांबलं. दोन आठवड्यांनी मेंढ्या घेऊन दरीतली माणसं नेहमीसारखी वर चारायला आली. त्यांच्यातली वदहा दरवर्षी आमच्या दारी वाळवलेल्या ताकाचे गोळे घेऊन यायची. तिशीची असेल. हनुवटीवर हिरवं गोंदण, पाठीवर पोर, आणि पोटात दुसरं. अंगणातलं रिकामं जातं पाहून ती म्हणाली, “बाई, हे पुन्हा निजलं वाटतं? माझ्या तंबूत असतं तर मी त्याला झोपू दिलं नसतं.”

फिद्दामावशी आत पडून होती. मी एकटीनंच ठरवलं. दळणारं कुणी नाही, आणि बाई बिचारी गहू पाट्यावर रगडते. “घेऊन जा,” मी म्हणाले. तळीवर हातही फिरवून दाखवला. “हे बघ, खड्डे शिशानं भरून घेतलेत. पीठ कसं मऊ येतं बघशील. बाळासाठी चांगलं.”

“अल्ला तुझी लेक मोठी करो,” ती म्हणाली. त्यांनी दोन्ही दगड गाढवावर दोहो बाजूंना बांधले आणि नेले.

इरबिदच्या इस्पितळात आम्ही मार्चच्या शेवटी पोचलो. मुनीर सुट्टी काढून आला होता. म्हातारे डॉक्टर फिद्दामावशीचा हात सोडून तिचं तोंड उघडून बघत बसले. मग नुहाचं. दोघींच्या हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी, पेन्सिलीनं ओढावी तशी निळसर रेघ होती. मी त्या लेकीचे दात रोज स्वतः घासत होते.

“घरात शिसं कुठं आहे?” त्यांनी विचारलं. “रंग? बॅटऱ्या? पीठ कुठून आणता?”

“घरीच दळतो,” मुनीर म्हणाला. “जात्यावर.”

“जात्याला काही डागडुजी केली होती?”

मुनीरला माहीत नव्हतं. तो आमच्याकडे बघायला लागला. मी तोंड उघडलं.

“मी शिसं भरून घेतलं,” फिद्दामावशी म्हणाली. “कल्हईवाला दारात आला होता. मला घाई झाली होती.”

आईपुढे कधी आवाज न चढवणारा मुनीर म्हणाला, “अक्कल कुठं गहाण टाकली होतीस, आई? एवढीशी पोर माझी.”

ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, परतीच्या रस्त्यात नाही. त्याच रात्री वॉर्डात आम्ही दोघीच असताना मी तिच्या पायाशी बसले, तर ती म्हणाली, “गप्प बस. तुला त्या घरात अजून पन्नास वर्षं काढायचीत. मला किती?”

डॉक्टरांनी सांगितलं, ते जातं फोडा आणि पुरून टाका. तेव्हा मला वदहा आठवली.

आम्ही धावलो तोवर मेंढ्या डोंगरावरून उतरून गेल्या होत्या. मुनीरनं ट्रकमधून दरी दोनदा पालथी घातली. एकानं सांगितलं, तंबू दक्षिणेला कराककडे हलले. दुसरा म्हणाला, त्याही पलीकडे, वाळवंटाच्या कडेला.

आता वर्ष झालं. नुहाला इंजेक्शनं दिली, रेघ गेली. ती चार वर्षांची झाली आहे आणि अकरा शब्द बोलते. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत, मीही विचारत नाही. फिद्दामावशीचा पंजा वर आलाच नाही. नमाजाला बसली की ती डाव्या हातानं उजवा उचलते, गुडघ्यावर ठेवते आणि त्याची बोटं एकेक करून सरळ करते. मुनीर अजून कधीमधी जेवताना तिला टोचून बोलतो. ती ऐकते. गिरणीच्या पिठाची रोटी मी तिला तुकडे करून भरवते. खरं काय ते त्याला सांगायचं मी दर वेळी ठरवते, आणि मग त्याच्या पुढ्यात भाजी वाढते.

तुमच्यापैकी कुणी कराकच्या बाजूला जात असेल, तर रस्त्याकाठच्या काळ्या तंबूंत वदहाची चौकशी करा. हनुवटीवर हिरवं गोंदण आहे. दोन मुलं असतील, धाकटं अजून रांगत असेल. जातं काळ्या दगडाचं आहे, तळीवर करडे, चकाकते ठिपके आहेत. आत गेल्या गेल्या जात्याचा विषय काढू नका, ती घाबरेल. आधी चहा घ्या. ती रोटी पुढे करेल, ती खाऊ नका. मग तिला एवढंच सांगा, की बाई, दोन्ही हात जरा असे पुढे धर. आणि तिचे पंजे सरळ राहतात का ते बघा.