कायमचा खाडा

"म्हणजे खाडा," कचरागाडीवाला म्हणाला.

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, पेशीत एकेका कामाला एकेक एन्झाइम असतं. पोरीच्या पेशीत कचरा तोडणारं जे आहे ते कामावरच नाही. आमच्याकडे त्याला खाडा म्हणतात."

"तसंच समजा. ते एक मोठा रेणू पकडतं, तोडतं, सोडतं, की लगेच दुसरा. स्वतः झिजत नाही. तुमच्या मुलीत ते तयारच होत नाही. मग न तुटलेला माल पेशीत साठत जातो."

पोरगी त्याच्या मांडीवर होती. पाच वर्षांची. वर्षापूर्वी तिच्या बडबडीने शेजारी कावायचे. आता मान धरता येत नव्हती.

"मग त्याच्या जागी बदली नाही मिळत?"

"बाहेर बनवलेलं मिळतं, सलाइनमधून देतात. पण सगळ्या प्रकारांत चालत नाही. रिपोर्ट येऊ दे."

त्याने 'मिळतं' एवढंच ऐकलं. पुढचं ऐकायला माणूस जागेवर असावा लागतो, हा तर मनाने जिने उतरून घरी पोचला होता.

"बदली मिळते!" दारातूनच त्याने बायकोला सांगितलं. गाडीवरच्या जोडीदारालाही सांगितलं. त्या काडी पैलवानाने फावडं टेकवलं. "पोरीच्या अंगातही संपच म्हण की. मुकादमाला पाठव आत!" दोघं हसले. आठवडाभर हा माणूस हसत होता. बाजारामागचा उकिरडा उपसताना म्हणत होता, साठलं तर साठलं, दोन जास्तीच्या फेऱ्या मारल्या की जागा मोकळी.

रिपोर्ट आला.

"हा मेंदूवर जाणारा प्रकार आहे," बाई म्हणाल्या. "रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो. सलाइनमधलं एन्झाइम त्यातून आत जात नाही."

"मागून कुठून तरी वाट असेल."

"नाही."

"बरं, उशिरा का होईना, आत गेलं तर उपसेल ना ते?"

"ढिगाखालच्या पेशी मेल्यात हो. त्या परत येत नाहीत."

देवाबिवाला मध्ये आणू नका. कोणी परीक्षा घेत नव्हतं, कोणी शिक्षा करत नव्हतं. डोळ्याला न दिसणारं एक एन्झाइम बनलं नाही, बस. जे ढेकणात असतं, गटारातल्या उंदरात असतं, ते या पोरीत नाही. झिजत नाही म्हणे ते! बापाचे गुडघे झिजले, पाठ झिजली, आख्ख्या गावाची घाण त्याने रोजच्या रोज उचलली, आणि पोरीच्या डोक्यातला चिमूटभर कचरा उचलायला त्याला हात नाही. यात काही अर्थ शोधणाऱ्याच्या तोंडावर थुंकावं.

घरी बायको पोरीला भरवत होती. एक घास आत, अर्धा बाहेर.

"कधीपासून येणार बदली?"

तो चपला काढत राहिला. दोन चपलांना लागतो त्याहून जास्त वेळ.

"येणार नाही. मला अर्धवट कळलं होतं."

तिचा हात थांबला. मग तिने पोरीची हनुवटी पुसली.

"सासूबाई म्हणतात माझ्याकडून आलं."

"दोघांकडून. एकेक बिघाड. दोन्ही जुळले तेव्हाच होतं असं."

"म्हणजे आपण दुसऱ्या कोणाशी लग्न केलं असतं तर..."

"हो."

तिने पुढचा घास पोरीच्या ओठांशी नेला. पोरीची नजर भिंतीवर होती. भिंतीवर काही नव्हतं.

"तिला कळतं का, काय होतंय ते?"

"डॉक्टर म्हणाल्या, आता नाही."

"तेवढं बरं," ती म्हणाली.

पोरीने तोंड मिटलं. वाटीत तिचं उष्टं मऊ अन्न उरलं होतं. नवऱ्याकडे पाठ करून तिने ते उभ्यानेच खाल्लं, शेवटचा कण बोटाने निपटून, आणि वाटी धुवायला घेतली.