काळ्या डोळ्यांची मेंढी

"ही मेंढी कुणी केली?"

पांगसाहेबांनी रुमालाची गाठ सोडली आणि वाफवलेल्या कणकेची मेंढी जात्याच्या कडेवर ठेवली. सोयाबीन दळत असलेल्या सूछिनने दांडा थांबवला. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"मी केली, साहेब."

"आणि ठेवली कुठं?"

"लो सचिवाच्या उंबऱ्यावर."

पांगसाहेब तालुक्याहून आले होते, सोबत लिहून घेणारा कारकून होता. आसपासच्या गावांच्या शीगोउ कम्यूनचा पक्षसचिव लो गेनशंग याला तालुक्याचा सचिव करायचं घाटत होतं. त्या खुर्चीवर बसायचं तर माणसाच्या तीन पिढ्या चाळणीतून चाळून घ्यायच्या, अशी रीत. गेनशंगच्या कागदावर 'मूळ घराणं' या रकान्यात लिहिलेलं होतं: गरीब शेतकरी, बाप खेचरवाला. पण कुणीतरी निनावी पत्र धाडलं. गेनशंग लोंचा नाहीच, तो फान जमीनदाराचा पोरगा आहे. खात्री करायची तर सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला लोंचा उंबरा बघा.

पत्र लिहिणारा मेला डोळस होता. त्या पौर्णिमेला घरोघर धाकट्यांसाठी कणकेची मेंढी करतात आणि तिला मिऱ्यांचे डोळे लावतात. काळ्या सोयाबीनचे डोळे लावायचे ते एकट्या फानांच्या घरी. आईने तसंच शिकवलं होतं, सूछिनच्या बोटांना दुसरं येतच नव्हतं. सव्वीस वर्षं तिने जीभ आवरली, पण बोटं आवरायचं राहून गेलं.

कारण पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. दोन खेचरं आणि एक सालगडी एवढ्या बळावर तिचा बाप जमीनदार ठरला आणि जमीनवाटपाच्या सभेतून जिवंत परत आला नाही. सात दिवसांचं पोर आईने शेणाच्या टोपलीत घातलं आणि अकरा वर्षांच्या सूछिनच्या डोक्यावर दिलं. लो खेचरवाल्याच्या बायकोचं बाळ नुकतंच गेलं होतं, गावाला ते अजून कळलंही नव्हतं. आई म्हणाली होती, "पोहोचवून ये. परत येशील तेव्हा तुला भाऊ नाही. मी मेले तरी नाही." सूछिनने मान हलवली होती. त्या हलवलेल्या मानेवर ती आजवर जगत आली होती.

"मेंढी घरच्या लेकराला देतात," पांगसाहेब म्हणाले. "गेनशंग तुझा कोण?"

सूछिनने विचार केला. जमीनदाराच्या पोरीच्या चांगुलपणावर कोण विश्वास ठेवणार? लबाडीवर मात्र कुणीही ठेवील.

"माझा कोण असायचा, साहेब? सचिव आहे तो. जमीनदाराची पोर म्हणून रोज पहाटे गावची गल्ली झाडते मी, कंबर मोडली. म्हटलं, मेंढी खाईल आणि झाडू सोडवील."

"म्हणजे लाच?"

"तुम्ही शिकलेली माणसं लाच म्हणा. आम्ही मस्का म्हणतो."

कारकुनाला हसू फुटलं. पांगसाहेब हसले नाहीत. "पत्रात लिहिलंय, दरवर्षी ठेवतेस."

"तीन वर्षं ठेवते. तीनच वर्षं झाली ना त्याला सचिव होऊन? त्याआधीची एक तरी मेंढी दाखवा म्हणावं त्या पत्रवाल्याला."

"आणि हे काळे डोळे?"

"मिरी विकत आणावी लागते. काळं सोयाबीन तर हे काय, जात्यात पडलंय."

"भाऊ होता ना तुला?"

"होता. सात दिवसांचा तापानं गेला. माळावर पुरलाय, जा, उकरा."

पांगसाहेबांनी कारकुनाचा कागद तिच्यापुढे सरकवला. "उद्या सभेत हेच बोलशील? गेनशंगसमोर?"

"बोलते की. तोंड दिलंय देवानं," असं म्हणून तिने कागदावर अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर सभा भरली. सूछिनच्या गळ्यात गुन्हा लिहिलेली पाटी अडकवली होती. तिने सगळं घडाघडा कबूल केलं. मग पांगसाहेबांनी मेंढी गेनशंगच्या हातात दिली. "सचिव, या लाचेचं काय करायचं ते तुम्हीच करा." आणि ते दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत उभे राहिले.

गेनशंगचा हात हलेना. सगळं त्याला ठाऊक होतं. मरताना लोंच्या म्हातारीने सांगितलं होतं. त्याची हनुवटी थरथरली, आणि ती हनुवटी थेट फानांची होती. अजून क्षणभर गेला असता तर सव्वीस वर्षं मातीत गेली असती.

"बघतोस काय, सचिवा?" सूछिन ओरडली. "खायची हिंमत नाही, फोडायचीही नाही? खेचरवाल्याची अवलाद ती, खुर्चीवर बसली म्हणून काय झालं!"

खळ्यावर एकच गिल्ला झाला. खेचरवाले, सालगडी सगळे उठून तिच्या अंगावर धावले. गेनशंगने मेंढी मुठीत चुरडली आणि डुकरांपुढे भिरकावली. सूछिनला आणखी दोन गल्ल्या झाडायला लागल्या. पांगसाहेबांनी वही मिटली.

गेनशंग तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला, तिथून प्रांताच्या राजधानीत. सूछिनने पुन्हा मेंढी केली नाही. पुढे सरकारने जमीनदारांचे शिक्के पुसले, झाडूही सुटला. शेजारची ताओकाकू म्हणायची, "आता कसली भीती गं? मनात काय असेल ते बोलून टाक." सूछिन हसायची. शिक्का पुसला तरी गेनशंगच्या रकान्यातलं खोटं पुसत नाही, हे तिला कळत होतं.

तेरा वर्षांनी तो गावात आला. चार गाड्या, फोटोवाले, शाळेची पोरं रांगेत. गेनशंग म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हात हातात घेत पुढे सरकत होता. तिच्यापाशी आला.

"ताई, आडनाव काय आपलं?"

"फान."

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. तुम्ही जपा."

त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला आणि पुढे गेला. सूछिनने मूठ मिटली ती गाड्या टेकडीआड जाईपर्यंत उघडली नाही.

"दाखव की गं हात!" ताओकाकू म्हणाली. "एवढ्या मोठ्या माणसानं धरला. कसा होता?"

"कामाचा होता," सूछिन म्हणाली आणि घरात येऊन तिने कडी लावली.

तळहातावर काळ्या सोयाबीनचा एक दाणा होता. सुरकुतलेला, खाचेत जुनी कणीक चिकटलेली. मेंढीचा दुसरा डोळा त्याने स्वतःपाशी ठेवला असावा. सूछिन जात्याला टेकून बसली आणि पोटभर रडली, आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

मग तिने तोंड धुतलं. भिजवलेलं सोयाबीन जात्यात ओतलं, त्यात तो दाणा टाकला आणि दांडा धरला.