परीक्षेआधीचा केक

लेवार्डन शहरातल्या इस्पितळात कोणी पास झालं की केक त्यानंच आणायचा, आणि तोही पास झाल्यावर. यित्स्केने तो सकाळीच आणून फ्रिजमध्ये ठेवला! सर्जरी शिकायला लागून तिला पाच वर्षं झाली होती. आज शेवटची परीक्षा: पित्ताशय नीट काढलं की पुढची सगळी ऑपरेशनं तिची एकटीची.

"बाजारात तुरी अन्‌ काय गं हे?" ऑपरेशन थिएटरमध्ये दुर्बिणीचा कॅमेरा धरणारी नर्स औक्ये हसली. वयाने ती यित्स्केच्या आईएवढी.

"तुरी माझ्याच आहेत, औक्ये. आज सोडत नाही."

कोपऱ्यातल्या स्टुलावर तिचे गुरू डॉ. विब्रेन हाताची घडी घालून बसले. "नापासाच्या केकला मी तोंड लावत नाही हं," त्यांनी आधीच बजावलं. ते बोलायला फटकळ, पण हात सोन्याचा. शिकाऊ डॉक्टरांत एक गोष्ट पक्की मानलेली होती: ऑपरेशनच्या मधेच विब्रेननी त्यात उतरायला हात धुतले, की गेलास कामातून, नापासच.

दुर्बीण आत गेली. पित्ताशय सुजून सगळीकडे चिकटलेलं होतं. यित्स्के बेतानं सोडवत गेली. तिचा हात कसा लोण्यातून चालावा तसा चालत होता. शेवटी पित्ताशयाची वाटावी अशी नळी दिसली. क्लिप लावायची, कापायचं, संपलं.

पण नळी जरा जाडच होती.

तिनं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. फ्रिजमधला केक तिच्या डोळ्यांपुढे नाचला. सकाळी केवढा तोरा मिरवला होता! आता सगळं इस्पितळ दात काढणार. तिला स्वतःचाच संताप आला.

"डॉक्टर, हात धुऊन या," ती म्हणाली. "ही मुख्य पित्तनळी असावी. मी कापणार नाही."

विब्रेन उठले. हात धुऊन, गाऊन चढवून आले. चिमट्यानं जरासं बाजूला सारलं, तर नळी यकृताकडून सरळ खाली उतरलेली. मुख्यच होती.

"कापली असतीस, तर ही पेशंट बाई जन्माची कामातून गेली असती. पुढे काय करतेस?"

"पित्ताशयाच्या मानेला, नळीजवळच्या भागाला, हात लावत नाही. खडे काढते, वरचं पित्ताशय काढते, उरलेलं तोंड शिवते."

"बरं." त्यांनी हातमोजे ओढून काढले आणि दाराकडे वळले.

"अहो, निघालात कुठे?"

"केक खायला."

"पण मी तर नापास ना? तुम्ही हात धुतलेत!"

"तू बोलावलंस म्हणून धुतले. न बोलावता उठावं लागलं असतं, तर नापास. ही अर्धवट अक्कल तुम्हां पोरांना कोण शिकवतं देव जाणे! आटप आता. क्रीम जास्त असलेला तुकडा मी घेणार."

दार मिटलं. यित्स्केचे डोळे भरून आले. पाच वर्षांत त्या स्टुलावर कोणी नाही, असं पहिल्यांदाच होत होतं.

"रडू नको बाई, चष्म्यावर वाफ धरेल," औक्ये म्हणाली.

"रडतंय कोण? कॅमेरा जरा वर घे."