कुणी बाजूला बसायचं नाही

शेवंती भाकऱ्यांना हात लावायला तयार नाही, हे शैलाताईंना सकाळची कवायत संपल्यावर कळलं.

सत्तावन्न सालचा मे महिना. माहीमच्या खाडीजवळची एक शाळा सुट्टीत रिकामी पडली होती, तिथे परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या मुलींचं उन्हाळी शिबीर भरलं होतं. भरवणारी माणसं दोनच. गिरगावात शिकवणाऱ्या शैलाताई आणि लालबागचे कवायत शिकवणारे कोंडीराम गुरुजी. गुरुजी संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आलेले, त्यामुळे शिबिरात साधी भूक लागली तरी घोषणा व्हायची. "जेवण मिळालंच पाहिजे!" म्हणून पोरी ताटं बडवायच्या आणि गुरुजी मोठ्या कौतुकाने मिशीवरून हात फिरवायचे.

शिबिराला नियम असे फारसे नव्हते. एक मात्र शैलाताई रोज सकाळी सगळ्यांकडून म्हणून घ्यायच्या, की इथे कुणी बाजूला बसायचं नाही. मिळून रांधायचं, एका पंगतीत जेवायचं, एका पिंपातलं पाणी प्यायचं. आल्या आल्या अंग मोडून आलं म्हणून त्यांनी स्वतः पहिले दोन-तीन दिवस पायरीवर बसून घास खाल्ले होते, तेवढं सोडलं तर सगळं बिनबोभाट चाललं होतं.

त्या नियमावर भरवसा ठेवूनच डिलाईल रोडच्या रामजींनी आपली बकुळा पाठवली होती. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या सबंध चाळीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पोरीला सोडायला आले तेव्हा ते पायरीखालीच उभे राहून बोलले. "बाई, पोर तुमच्या हवाली करतो. चाळीतल्या बाकीच्या पोरीपण माझ्याच शब्दावर आल्यात. पण हिला कुठं बाजूला बसवली असं कानावर आलं, तर त्याच पावली सगळ्यांना घेऊन जाईन." माणूस आवाज चढवून बोलला नाही, म्हणूनच शैलाताईंना त्याची धास्ती जास्त वाटली. आणि आज रविवार, म्हणजे आईबापांनी भेटायला यायचा दिवस.

नेमकी आजच बकुळा आणि शेवंतीची भाकऱ्यांची पाळी. शेवंती लालबागची, मूळची मालवणकडची, एरवी तोंडाने भलती चुरचुरीत. ती कालपासून स्वयंपाकघराच्या बाहेर. पिठाला हात लावीना, पिंपाकडे फिरकेना, पंगतीत बसेना.

"त्यात कळायचंय काय?" गुरुजी कडाडले. "घरून पढवून पाठवलीय. बकुळाच्या हातचं चालत नाही बयेला! शैलाबाई, आत्ताच्या आत्ता तिची ट्रंक भरा."

शैलाताईंना तरी दुसरं काय वाटत होतं! संध्याकाळी रामजी येणार, एक पोर वेगळी बसलेली पाहणार आणि सगळ्या जणींना घेऊन जाणार. मग पुढच्या वर्षी कुठलं शिबीर अन् कुठलं काय. चाळीचाळीत जिने चढून, आयांच्या विनवण्या करून या मुली गोळा केल्या होत्या. ताईंना रडूही येत होतं आणि त्या कार्टीच्या पाठीत धपाटा घालावासाही वाटत होता. तशाच तणतणत त्या शाळेच्या मागे गेल्या.

शेवंती भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"ऊठ. भाकऱ्या थापायला चल."

"नको, ताई."

"का नको? बकुळा आहे म्हणून?"

तेवढ्यात बकुळाच तांब्या घेऊन आली. शेवंतीने तो तिच्या हातातून घेतला आणि घटाघटा अर्धा रिकामा केला. शैलाताईंचा राग जागच्या जागी अडखळला.

"हिच्या हातचं पाणी पितेस तू?"

"कालपास्नं मीच देते," बकुळा म्हणाली. "ताटपण मीच आणते. पिंपाला शिवायचं नाही म्हणते ना ती." मग तिने ताईंच्या कानाशी तोंड नेलं. "ताई, तिला न्हाण आलंय. पयलंच. घाबरून नुसती रडतेय. कुणाला सांगू नको म्हणाली, म्हणून नाही सांगितलं."

शैलाताई शेवंतीशेजारी खाली बसल्या. उरावरची धोंड उतरली आणि त्यांना हसूच फुटलं. "अगं बयांनो! एवढंच होय?" म्हणत त्यांनी दोघींना जवळ ओढलं.

शेवंतीला मात्र हुंदका आला. "आई तीन दिवस बाजूला बसता. कुणाक शिवत नाय."

"घरी बसत असेल. इथे कुणी बाजूला बसायचं नाही. रोज सकाळी काय म्हणतेस?"

"पण ताई, पयले दिवस तुमीपन पायरीवरच जेवत होतात ना? माका वाटला, हय शिबिरातपण तसाच आसता."

"मागच्या दोरीवर टॉवेलाखाली तुमची फडकी वाळत घातलेली आम्ही बघितली होती," बकुळाने भर घातली.

शैलाताईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. गिरगावच्या घरी आई म्हणते म्हणून त्या बसत आल्या होत्या. इथे तर कुणी सांगितलं नव्हतं, तरी पाय आपले आपण पायरीकडे वळले होते. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. आणि पोरींनी पकडलं हे बरंच झालं, असंही वाटलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला मी बाहेर दिसले तर हाताला धरून आत न्या. आज तू चल." 

आतून परातीवर थापट्या पडू लागल्या तेव्हा गुरुजींनी भुवया उंचावल्या. शैलाताईंनी दोन शब्दांत सांगितलं, तसा तो तुरुंग पाहिलेला माणूस पार गोरामोरा झाला, पिशवी उचलून बाजारात पळाला आणि नारळ, गूळ अन् आंब्यांची करंडी घेऊन आला. "पंगतीला गोड नको का?" असं तो भिंतीकडे बघत म्हणाला.

दिवेलागणीला रामजी आले. पायरीखालीच उभे राहिले. आत पंगत मांडली जात होती, शेवंती आणि बकुळा भाकऱ्यांची टोपली दोन बाजूंनी धरून चालल्या होत्या. रामजींनी लेकीला हाक मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांग, कुणी बाजूला बसवलं का तुला?"

ताटं मांडता मांडता शैलाताई थांबल्या.

"मला नाही, आबा," बकुळा म्हणाली. "दोघी जणी आपल्या आपणच बसल्या होत्या. त्यांना उठवलं आम्ही."

शेवंती फिसकन हसली. शैलाताईंनी पदर तोंडाला लावला, तरी हसू काही आवरेना, आणि डोळे मात्र भरून आले. रामजींना काहीच उमगलं नाही.

"आणि आबा, तुम्ही कशाला तिथं खाली उभे?" बकुळा म्हणाली. "वर या की."

"आबा वर आलेच पाहिजेत!" शेवंतीने ठणकावलं आणि लगेच सगळ्या पोरींनी ताटं बडवायला घेतली.

रामजींनी एकदा पायरीकडे पाहिलं, एकदा शैलाताईंकडे. मग त्यांनी चपला काढल्या आणि ते वर आले. शैलाताईंनी त्यांचं ताट मांडलं आणि त्याला लागूनच आपलंही मांडलं.