अड्यार ते टोरोंटो, कृष्णस्वामींच्या व्हरांड्यातून

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी सुटकेस आहे. पण माळ्यावरची म्हणून मला हिणवू नका! एग्मोरच्या एका दुकानात मला शिवलं, तेव्हा माझं कातडं इतकं चिवट होतं की सुया मोडून मोडून कारागीर रडला. राघोत्तम अप्पांनी मला रेल्वेच्या नोकरीत गावोगाव फिरवलं. "काय दणकट पेटी आहे!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मग चाकांच्या बॅगा आल्या. मी गेले माळ्यावर, झुरळांना प्रवासवर्णनं ऐकवत.

यंदा टोरोंटोला अप्पांच्या लेकीला, नित्याला, मुलगी झाली. तिची आई, भवानीअम्मा, तिकडे निघाल्या. अड्यारच्या या घरात बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत, आजीच्या जुन्या मऊ साड्याच लागतात. त्या भरायला अम्मांनी मला खाली काढलं.

"तेरा हजार किलोमीटरच्या वर जायचंय," अप्पा म्हणाले. "एकदा विमान बदलायचं, अख्खा दिवस जाणार. आणि मध्ये इडलीचं एक स्टेशन नाही!"

"म्हणूनच तुम्हाला नेत नाही," अम्मा म्हणाल्या.

निघायची वेळ नेमकी राहुकालात आली. मग काय, प्रस्थान! म्हणजे चांगल्या वेळी एक पेटी शेजारी नेऊन ठेवायची आणि प्रवास सुरू झाला असं धरायचं. मला समोरच्या कृष्णस्वामींच्या व्हरांड्यात ठेवलं. मी हँडल ताठ करून बसले. टॅक्सी आली, बाकीच्या बॅगा चढल्या, टॅक्सी गेली. मी तिथेच!

माझ्या कड्या खडखडायला लागल्या. ओरडले असते, पण अम्मांनी तोंड पट्ट्यानं आवळलं होतं.

कृष्णस्वामी पूजा आटपून बाहेर आले. "अय्यो रामा! प्रस्थान इथे, आणि अम्मा तिकडे!" तसेच ओल्या पंचानिशी ते मला मांडीवर घेऊन ऑटोत बसले. कत्तिपाऱ्याच्या चौकात गाड्या अशा तुंबल्या की तेवढ्यात विमानानं अर्धा समुद्र ओलांडला असता. शेवटी मीच आतून जोर लावला, तेव्हा ऑटो हलली. खोटं वाटत असेल तर ऑटोवाल्याला विचारा.

विमानतळाच्या दारात, सोडायला आलेले अप्पा काकुळतीला आले होते. "अगं, काउंटर बंद होईल! साड्या तिकडे विकत घे."

"जुन्या साड्या विकत मिळतात होय? बाळाला कशात गुंडाळू, विमानाच्या तिकिटात? पेटीशिवाय मी हलत नाही."

तेवढ्यात गर्दीत पंचा फडकला. अम्मांनी मला ओढलं, कृष्णस्वामींना पळता पळताच नमस्कार केला, आणि काउंटरवरच्या मुलीनं घड्याळाकडे बघत मला पट्ट्यावर घेतलं. पुढे ढगांना माझे कोपरे लागून त्यांचा कापूस पिंजला गेला, ते जाऊ द्या.

टोरोंटोत नित्यानं घेतलेला महागडा पाळणा होता. बाळ त्यात टाहो फोडायचं. अम्मांनी मला जमिनीवर सताड उघडलं आणि साड्यांच्या थरावर बाळाला ठेवलं. एक जांभई, की झोपलं!

जन्मभर मला स्वस्थ बसवलं नाही. आता मात्र कडीसुद्धा वाजू देत नाही. मित्रांनो, जुन्या पेट्या फेकू नका. त्यांना ऊन दाखवा, कड्यांना तेल द्या. आणि जरा हळू बोला, आत बाळ झोपलंय.