पन्हा विचारून घे

माझ्या सासूबाई हट्टी आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, तेव्हा इथे सांगायला कसली भीती. नाव रत्नप्रभा, वय अडुसष्ट, गाव मालवणजवळ, राहणार मुलुंड, तिसरा मजला. जानेवारीत बाथरूममध्ये घसरून त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं काही मिटेनात. बोटं मिटत नाहीत म्हणजे साडीच्या निऱ्या धरता येत नाहीत, आणि साडी नाही म्हणजे आई खाली उतरणार नाहीत. घरात गाऊन चालतो. गाऊनवर बाहेर पडायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा.

"मी नेसवते ना," मी रोज म्हणायचे.

"दुसऱ्याकडून नेसवून घ्यायला मी काय नवरी आहे?"

असे चार महिने गेले. संध्याकाळी खालच्या बाकावरून माणिकमावशी, त्यांची जुनी मैत्रीण, हाक मारायच्या. आई गॅलरीतून हात हलवायच्या आणि आत येऊन बसायच्या. डॉक्टरांनी दाबायला दिलेला पिवळा चेंडू टीव्हीमागे जाऊन पडला. डॉक्टर म्हणाले, हाताचं नंतर बघू, आधी यांना घराबाहेर काढा. सुयोगने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हात टेकले. मला तर भीतीच वाटायला लागली होती. भाजीत मीठ जास्त पडलं तर दोन दिवस ऐकवणारी बाई आता काहीही वाढा, मुकाट जेवायची.

मग मी ठरवलं, चारचौघांत घालण्यासारखा गाऊन शिवायचा. चांगलं सुती कापड, कॉलर, लांब बाह्या, पुढून बटणं. तयार बघितले, पण स्वस्तातले सगळे घामाने अंगाला चिकटणारे आणि सुती म्हटलं की किंमत ऐकूनच मी बाहेर. आईंचं मशीन घरात होतंच. शिवण मी व्हिडिओ बघून शिकलेय, म्हणजे बेताचीच.

पहिल्यांदा गुपचूप गेले. स्टेशनजवळच्या गल्लीत कटपीसची दुकानं आहेत, तिथे ताग्यांची उरलेली टोकं स्वस्तात मिळतात. तीन मीटर निळं कापड उचललं, दोन रात्री खपून शिवलं. बाह्या त्यातून निघाल्याच नाहीत, आणि बाकीचा गाऊन मी घालून बघितला तर अंगाला उशीच्या अभ्र्यासारखा बसला.

आई बघून हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"पन्हा विचारलास?"

"कसला पन्हा?"

"कापडाची रुंदी गो. छत्तीसचा उचलून आणलास. माझ्या अंगाला चव्वेचाळीस लागतो."

सासरे गिरणीत साचेखात्यात होते, कापड विणायचे. कापड ओळखायला त्यांनीच आईंना शिकवलं. गिरणी बंद पडली तेव्हा आईंनी याच मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवून घर चालवलं. हे सगळं मला माहीत होतं, तरी कापड घेताना त्यांना विचारायचं सुचलं नाही. इतकी मी हुशार.

"शनिवारी त्या कटपीसच्या गल्लीत परत जाते. तिथून फोनवर दाखवते, तुम्ही सांगा."

"मी घालणार नाही."

"नका घालू. पडदे शिवीन."

शनिवारी त्याच गल्लीत प्रीतम नावाच्या माणसाच्या दुकानात शिरले. डाळिंबी रंगाचं, बारीक फुलांचं कापड दिसलं आणि मी व्हिडिओ कॉल लावून आधी दुकानाची पाटी, मग कापड दाखवलं.

"पन्हा विचार."

"चव्वेचाळीस म्हणतात."

"मुठीत घेऊन चुरगळ. आता सोड. चुण्या राहिल्या?"

"राहिल्या थोड्या."

"थोड्या म्हणजे किती? एक दोरा काढ आणि जाळून बघ. राख भुरभुरीत झाली तर सूत. गाठ झाली तर प्लास्टिक."

"ताई, दुकान पेटवायला आलात का?" प्रीतम म्हणाला. "प्युअर कॉटन आहे, मी सांगतोय ना."

"फोन दे त्याच्याकडे," आई म्हणाल्या. "मेल्या, कापड माका शिकवू नको."

प्रीतमही काही कमी नव्हता. "मावशी, कॅमेऱ्यात कापड कळत नाही. हात लावून बघायला या, नाहीतर ताईंवर विश्वास ठेवा."

"तिच्यावर?" आई म्हणाल्या आणि फोन कट झाला.

माझं डोकंच सणकलं. भर दुकानात माझी लाज काढली. तिथल्या स्टुलावर बसले, रागारागात पुन्हा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. परत लावला. पाचव्यांदा लावला तेव्हा राग गेला. एकट्या आहेत. परत घसरल्या तर नाहीत? प्रीतमला म्हटलं, कापड कापू नका, मी निघते.

उठले, तर दुकानासमोर रिक्षा थांबली. आतून आई उतरल्या. अंगात घरातला पिवळा गाऊन, वर माझी हिरवी ओढणी, पायांत सुयोगच्या चपला.

"त्याला पैसे दे, मी पाकीट आणलं नाही," त्या मला म्हणाल्या. "आणि घराची चावी तुझ्याकडे आहे ना? मी दार ओढून घेतलंय."

मी काही बोलायच्या आत त्या काउंटरशी पोचल्या होत्या. डाळिंबी कापड त्यांनी उजव्या हातात घेतलं. उजव्या. सवयीने. मूठ अर्धीच मिटली, पण मिटली. पकड सोडून त्यांनी चुण्यांवरून अंगठा फिरवला.

"सूतच आहे," त्या प्रीतमला म्हणाल्या. "पण काठाला डाग आहे. भाव कमी कर."

मला रडू आलं. दुकानात, सगळ्यांसमोर, ओढणीही नव्हती डोळे पुसायला, ती त्यांच्या अंगावर.

"आई, तुम्ही गाऊनवर आलात."

त्यांनी खाली बघितलं. मग ओढणी सारखी केली. बाजूला दोन बायका गाऊनवर ओढण्या घेऊन परकराचं कापड बघत होत्या.

"ओढणी आहे की वर," त्या म्हणाल्या. "रडतेस काय? तीन मीटर घे. आणि तुलाही घे एक, तो अभ्रा आता तू घालणार आहेस थोडीच."

परतताना रिक्षा सोसायटीच्या गेटवर थांबली. बाकावर माणिकमावशी होत्या. आई त्यांच्या शेजारी जाऊन टेकल्या आणि मला म्हणाल्या, तू हो वर, चहा ठेव, मी येते. आल्या थेट साडेआठला. भाजीत मीठ कमी होतं म्हणून मला बोलल्या. मी गुपचूप ऐकून घेतलं, इतकं बरं वाटलं.

यालाही दोन महिने झाले. डाळिंबी कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून कपाटात ठेवलंय. कापायचं राहिलंय. आता मापं घ्यायची तर आई घरात सापडायला हव्यात ना.