चप्पल हाय म्हणजे माणूस हाय

“सर, बारावी नापास पोरीले प्रोग्रामिंगची नोकरी भेटते का?”

अख्खा वर्ग खिदळला. पैज लागली होती ना! माझ्या मैत्रिणी सोनू आणि विजयमाला म्हणाल्या होत्या, पाहुण्यांना हे विचारून दाखव, गुपचूपची, म्हणजे पाणीपुरीची, प्लेट आमच्याकडून. त्यांना वाटलं, ऐनवेळी मी शेपूट घालीन. मी? शेपूट?

पाहुणे म्हणजे अंकुर सर. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी त्यांची नागपूरला छोटी कंपनी आहे. दहावीनंतर काय करायचं, ते सांगायला आमच्या बोरी अरबच्या शाळेत आले होते. ते हसले नाहीत. “नापास कोण आहे?”

“माझी मोठी बहीण, सर. दीपाताई.”

“तिनं काही बनवलंय?”

“इथंच, स्टँडमागच्या दवाखान्यात चालू आहे. चला न!”

दीपाताई बारावीत गणितात गेली आणि बाबांनी त्याच दिवशी माझं आर्ट्स ठरवून टाकलं. “आपल्या घराले गणित मानवत नाही,” म्हणे. जसं काही गणित म्हणजे वांग्याची भाजी! ताई दवाखान्यात नंबर पुकारायला लागली. दुपारी पेशंट नसले की तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ पाहून पाहून प्रोग्रामिंग शिकली आणि पेशंटचे नंबर लावायचा प्रोग्रामच बनवला. नोकरीसाठी अर्ज करायची, पण पदवीचा रकाना रिकामा राहिला की अर्ज पुढंच सरकायचा नाही.

शाळा सुटल्यावर आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा ओसरीवर नेहमीसारखी चपलांची रांग होती. आमच्याकडे माणसं चप्पल ठेवून नंबर लावतात आणि बाजार करायला निघून जातात. ताईनं मला पाहिलं, मग सरांना. सगळं ऐकून दातांतल्या दातात म्हणाली, “पायल, मले विचारायचं त होतं आधी!”

सर स्क्रीनकडे वाकले. काही नावांपुढे चपलेचं छोटंसं चित्र. “हे काय?”

ताई सांगणार, तेवढ्यात बाकावरून म्हाताऱ्या धुरपताबाईच बोलल्या, “पहिले हिचं कम्पूटर माहं नावच काटे. म्या म्हटलं, बाई, माही चप्पल हाय न तिथं! चप्पल हाय म्हणजे माणूस हाय!”

“माहीच चूक होती,” ताई हळूच म्हणाली. “हाक मारली अन् कोणी नाही आलं, की नंबर रद्द. पण लोक येतात न वापस. आता चप्पल असली त हे चित्र लावते, पुढचे दोघं घेते, अन् मग पुन्हा हाक.”

“बरं,” सर खुर्ची ओढून बसले. “समजा डॉक्टरांना मध्येच कोणाच्या बाळंतपणाला जावं लागलं. सगळी रांग तासभर पुढे ढकलायची. आत्ता, माझ्यासमोर करशील?”

ताईनं ओढणी कमरेला खोचली. बोटं चालू झाली. तिनं बटण दाबलं, आणि धुरपताबाईंचा नंबर थेट उद्यावर गेला!

“अव्वो, उद्यापर्यंत राह्यतो का मी?” म्हातारी ओरडली. सगळी ओसरी हसली. सर मात्र हसले नाहीत.  झालं, गेली नोकरी!

ताईनं कोणाकडेच पाहिलं नाही. एकेका ओळीवर बोट ठेवत, पुटपुटत ती खाली आली. एका जागी बोट थांबलं. “तासाच्या जागी दिवस धरला म्या.” तिनं तेवढंच बदललं आणि पुन्हा बटण दाबलं. रांग तासभर सरकली, चपलांसकट.

“सोमवारपासून नागपूरला ये,” सर म्हणाले. “पगारी काम. राहायची सोय आमच्याकडच्या मुलींसोबत.”

“पण सर, पदवी...”

“मी विचारली का?”

मी इतक्या जोरात किंचाळले की आतून डॉक्टर धावत आले.

रविवारी ताईला एसटीत बसवून आम्ही घरी आलो. नवे सँडल घालून गेली होती, जुन्या चपला दाराशीच होत्या. बाबा त्यांच्याकडे बघत उभे राहिले. आई त्या उचलून आत ठेवायला वाकली.

“राहू दे, आई.” मी माझ्या चपला काढल्या आणि ताईच्या चपलांच्या मागं नीट लावल्या.

“हे काय वं?” आईनं विचारलं.

“नंबर लावला,” मी म्हटलं. “बाबा, मी सायन्सच घेणार हाय. गणितासकट.”